कोसमटोल्याचा फुटवा

गाडी बेसा चौक सोडून आत वळली तेव्हा कौशल्याला वाटलं, पोराचा रस्ता चुकला. माहेरवाडीची खूण म्हणजे मोहांचे शेंडे. दोन फ्लॅटस्कीमच्या मधल्या फटीतून आधी ते दिसायचे आणि मग फाटक. आज फट होती, फाटक होतं, आणि मधे नुसतं आभाळ होतं.

"अंकित, पुढं तं नाही आलो आपण?"

"नाही वं आई, हेच तं आहे." अंकितनं आरशातून बापाकडे पाहिलं. तिच्या शेजारी बसलेल्या वसंतरावांना नेमकं तेव्हाच चष्मा पुसायचं सुचलं.

गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे माघापासून कौशल्या धरमपेठेच्या घराबाहेर पडली नव्हती. मोहफुलं वेचायला ती आली नाही असं लग्न झाल्यापासून यंदा पहिल्यांदाच घडलं. तिनं विचारलं तेव्हा धाकटा दीर भैयाजी फोनवर म्हणाला होता, "झाडायची थोडी छाटणी केली, वहिनी. यंदा फुलं नाहीत." छाटणी म्हणे! एवढी मोठी गोष्ट एका शब्दात गुंडाळायला हुशारी लागते, आणि ती तिच्या सासरच्या, गभण्यांच्या पुरुषांत पिढ्यान्‌पिढ्या भरपूर आहे.

काठी टेकत ती फाटकातून आत आली. सगळी झाडं जागच्या जागी उभी होती, फक्त त्यांना डोकी नव्हती. खांद्याच्या उंचीवर एकूण एक मोह सपाट कापलेला, कापावर निळं औषध फासलेलं. कडेनं फुटलेल्या फांदोऱ्यांना पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या बांधलेल्या आणि पट्टीच्या वर बोटभर तांबूस कोवळी पानं. एकच झाड पूर्वीसारखं डेरेदार होतं, विहिरीजवळचं. भैयाजी त्याला रानी म्हणायचा. रानी उभी होती आणि तिच्या भोवती तिची सगळी प्रजा मुंडकी कापून उभी होती.

"हे काय केलं?" कौशल्या म्हणाली. कोणाला म्हणाली ते तिलाही ठाऊक नव्हतं.

ज्याला माहेरवाडी ठाऊक नाही त्याला हे नुसतं झाडांचं काम वाटेल. तसं नाही ते. नवी सून पहिल्या आखाडात माहेरी जाते, ते सगळ्यांकडेच जाते. गभण्यांची सून परत येताना अनारशांच्या डब्यासोबत माहेरच्या रानातले टोळ आणते, म्हणजे मोहाच्या बिया. ओल्या फडक्यात आणते, कारण हे बी सुकलं की मेलं. तीन टोळ, तेही तीन लांबलांबच्या झाडांखालचे. सासूबाई, सुभद्राबाई, या बाबतीत फार कडक होत्या. "एकाच झाडाखालचं मूठभर उचलून आणशील तं ते सारे भाऊबहीण," त्या सुनांना बजावायच्या. "घरातल्या घरात सोयरीक करतो का आपण? मंग रानाची काहून कराची?" तिघांपैकी जो जोमानं येईल तो ठेवायचा. अशी दोन पिढ्यांच्या सुनांची, चुलत घरांतल्या सुनांचीही, झाडं इथं होती. मेळघाटचा मोह होता, बालाघाटचा होता, देवरीचा होता, उमरेडच्या रानातला होता. कोणी फाल्गुन लागताच फुलायचा, कोणी चैत्र सरता सरता. कोणाची फुलं टपोरी आणि गोड, कोणाची बारीक आणि उग्र. कोणाला अळी लागायची, कोणाच्या पानाला ती तोंडही लावायची नाही.

आणि कौशल्याचा मोह कोसमटोल्याचा. तिचं माहेर, शाळा, देवीचं ठाणं, मागचं रान, सगळं धरणाच्या पाण्याखाली जाऊन वीस वर्षं झाली होती. माहेरचे लोक तीन जिल्ह्यांत पांगले. त्या रानातलं आता जगात काही उरलं असेल तर ते इथं, कुंपणाच्या कोपऱ्यात. ती त्या कोपऱ्याकडे चालू लागली. गुडघा ठणकत होता, तरी काठी तिनं अंकितच्या हातात देऊन टाकली.

मागून गुंजन आली, अंकितची नवी बायको. तिच्या हातात ओल्या फडक्याचं गाठोडं होतं आणि अंगावर लग्नातला शालू. लग्नाला दोन महिने झालेले, आजचा दिवस तिचा होता. सकाळपासून चुलतसासवांनी तिला फोनवर छळ छळ छळलं होतं. "कामठीत कायचं वं रान? पॉवरलूमवरून तोडून आणले का टोळ?" ती हसून सोडून देत होती. खरं तर गेले चार दिवस ती वडिलांच्या स्कूटीवरून कामठी पालथी घालत होती. एक मोह सापडला कन्हानच्या काठी, एक छावणीच्या भिंतीबाहेर, तिसरा एका दर्ग्यामागं. तिसऱ्याखाली तिला टोळ मिळेना तेव्हा तिथल्या म्हाताऱ्यानं सांगितलं, उद्या पहाटे ये, बकऱ्या यायच्या आधी. ती पहाटे गेली होती. तिला वाटलं होतं, हे सगळं आज सासूबाईंना रंगवून सांगू. आता तिनं सासूबाईंची पाठ पाहिली आणि गाठोडं पोटाशी धरून तिथंच उभी राहिली.

तेवढ्यात शेडमधून भैयाजी आला, हात पुसत, तोंडभर हसत.

त्याचंही ऐकून घेतलं पाहिजे. तो चोर नव्हता. थोरला भाऊ बँकेत खुर्ची उबवून रिटायर झाला. ही वाडी सांभाळली भैयाजीनं. विहीर त्यानं उपसली, कुंपण त्यानं घातलं, बिल्डरांचे दलाल त्यानं दारातून हाकलले, तेही शिव्या घालून. त्याच्या हाताला कलमाची कला होती. त्यानं बांधलेली काडी मरत नाही असं लोक सांगायचे. मोहाचे लाडू आणि पाक करणाऱ्या एका व्यापाऱ्यानं रानीची फुलं चाखली आणि म्हणाला, मले सारी अशीच पायजे, एका मापाची, एका गोडीची. मग भैयाजीला रात्रंदिवस एकच दिसू लागलं: सगळी वाडी रानीची. शेडमागं रानीच्या बियांची रोपं पिशव्यांतून रांगेनं तयार होती, त्यांच्यावरही रानीच्याच काड्या चढायच्या होत्या. वहिनी आज येईल, पाहील आणि म्हणेल, भैयाजी, वाडीचं सोनं केलं तुमी. असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं.

"या वहिनी! कसे आहेत गुडघे? पाहा, सारी कलमं धरली. एक नाही मेली!"

कौशल्यानं आपल्या झाडाच्या खोडावर हात ठेवला होता. "हे कोणाले विचारून केलं, भैयाजी?"

"विचारून म्हणजे?" तो हसायचा थांबला. "दादाले सांगतलं होतं ना."

वसंतरावांचा चष्मा एवढा स्वच्छ कधीच झाला नसेल. कौशल्या त्यांच्याकडे वळली.

"तुमाले माहीत होतं?"

"अवं, तुहं ऑपरेशन होतं. म्हणलं, उगाच टेन्शन..."

"माहा गुडघा कापाच्या वेळी मले चार वेळा विचारलं डॉक्टरनं. सही घेतली. आणि माहं झाड कापाले कोणाले विचाराव नाही वाटलं! पाच महिने माह्या बाजूले बसून चहा पिऊन राहिले तुमी. रोज विचारत होती मी, वाडी कशी आहे. काय म्हणत होते? मस्त आहे म्हणत होते!"

"मस्तच तं आहे," वसंतराव पुटपुटले. त्यांचं ते पुटपुटणं ऐकून गुंजनलासुद्धा लाज वाटली.

"आई, एक मिनिट." अंकित मधे पडला. मिहानमधल्या कंपनीत तो मीटिंगा चालवायचा, त्यामुळं कुठंही मधे पडायचा त्याला सराव होता. "काकाजीचं लॉजिक बरोबर आहे ना पण. जे बेस्ट आहे तेच वाढवाचं. सगळीकडे असंच करतात."

"बराबर!" भैयाजीला जोर चढला. "ह्याले समजते. वहिनी, मुळं तशीच आहेत. खोड तुमचंच आहे. फक्त वरचं बदललं. ते बारीक फुलाचं झाड कोणाच्या कामाचं होतं? अर्धा चैत्र गेल्यावर फुलाचं, तवरिक बाजार उतरून जाचा."

"गारा पडल्या त्या साली कोणाच्या कामाचं होतं?" कौशल्याचा आवाज अजून चढला नव्हता. "सांगा ना. रानीची सारी फुलं एका दुपारी मातीत गेली होती. साऱ्या लवकर फुलणाऱ्या झाडायची गेली. मंग कोण फुललं?"

भैयाजीनं त्या खोडाकडे पाहिलं. त्याला आठवत होतं. त्या वर्षी मागाहून एकटा कोसमटोल्याचा मोह फुलला होता, आणि आई त्याच्याखाली बसून टोपली भरताना म्हणाली होती, "हे माही गरिबाघरची सून, पाहा कशी उशिरा उठून साऱ्या घराचं करून राहिली."

"आणि अळीच्या साली? तुमच्या आईच्या झाडाले सोडून साऱ्यायचा खराटा झाला होता. आता तुमी साऱ्यायच्या डोक्यावर एकच झाड बसवलं. एका दिवशी फुलंन, एका दिवशी झडंन. अळीले एक आवडलं का सारी वाडी तिले ताटात वाढून दिली तुमी!"

"दर साली गारा पडते का?" भैयाजी उसळला. "दर साली अळी येते का? आणि तुमी लोकं येता कवा इथं? वर्षातून दोनदा! हळदी-कुंकू लावता, फोटो काढता, डबे खाता, चालले धरमपेठेत. विहिरीत मी उतरतो. साप मी मारतो. कोणाच्या मोहाले कोणतं माहेर, हे पोथीसारखं वाचाले तुमी, आणि राबाले मी! माह्या हातानं वाडीले काही चांगले दिवस येऊन राहिले तं तुमच्या पोटात दुखते!"

हे खोटं नव्हतं, म्हणूनच ते सगळ्यांना जास्त झोंबलं. अंकित खाली पाहू लागला.

"बराबर म्हणून राहिले ते." अरुंधती पुढं आली. भैयाजीची बायको. ती आतापर्यंत शेडच्या दारात पदर खोचून उभी होती. "ताई, राग नका मानू. पण राबणाऱ्याच्या हातालेबी काही मान असते ना?"

अरुंधती का बोलली ते कौशल्याला लगेच कळलं. विहिरीजवळची रानी तिची होती. पचमढीच्या बाजूचं तिचं माहेर, तिथलं बी. लग्न होऊन आली तेव्हा वऱ्हाडीत कच्ची, बोलण्यात हिंदी, म्हणून सासरी तिची किती टिंगल झाली. तिच्या हातच्या भाजीला नावं ठेवली, तिच्या बापाच्या मानपानाला नावं ठेवली. आणि पंचवीस वर्षांनी त्याच माहेरचा मोह साऱ्या माहेरवाडीत सरस ठरला. नवऱ्यानं प्रत्येक झाडावर तिची काडी बांधली. सुख कोणाला नाही वाटणार? दर आठवड्याला ती स्वतः वाडीत यायची, खालून फुटणारे जुने कोंब अंगठ्यानं मोडायची, म्हणजे सगळा रस वरच्या कलमाला मिळतो. काम वाईट नव्हतं. मोडताना कट्‌ असा बारीक आवाज व्हायचा, आणि तो तिला खरं सांगायचं तर आवडू लागला होता.

"मान कोणी काढून घेतला तुमचा?" कौशल्या म्हणाली. "पण अरुंधती, तू तं सून आहेस ना इथली. तुले काहीच नाही वाटलं?"

"मले काय वाटाचं? माहं झाड चांगलं निघालं, हा माहा गुन्हा आहे का?"

गुंजनला वाटलं, आता आपण काहीतरी करून हे थांबवलं पाहिजे. नव्या सुनांना असं वाटतंच, आणि त्या नेमकी तीच गोष्ट बोलतात जिनं आग भडकते. ती गाठोडं पुढं करून म्हणाली, "काकाजी, मी टोळ आणले. कुठं लावायचे?"

भैयाजीला सुटका झाल्यासारखं वाटलं. "आण, आण बेटा. कुठंबी लाव. तिकडं कुंपणाजवळ लाव. कामठीचं का असंना, खुंट म्हणून चालते. दोन सालानं मी त्याच्यावर रानीची काडी बसवून देतो, काही टेन्शन घेऊ नको. खुंट कोणताबी चालते बेटा. खाली रस ओढाले मजबूत पायजे बस. वरचं नाव तं काडीचंच असते."

तो प्रेमानं बोलला, हेच त्यातलं सगळ्यात वाईट. गुंजनचा हात गाठोड्यासकट तिथंच राहिला. दर्ग्यामागची पहाट, बकऱ्या, तो म्हातारा, काही सांगायचंच राहिलं नाही. ती अंकितकडे पाहू लागली. अंकितला काकाचं लॉजिक आता तेवढं बरोबर वाटत नव्हतं, पण तोंडातून शब्द फुटेना.

कौशल्याला मात्र फुटला. चाळीस वर्षांचा फुटला.

"ऐकलं का, पोरी? ऐकून ठेव. आपण खुंट! रस ओढाले मजबूत पायजे बस. घर आपण ओढाचं, म्हाताऱ्यायचं हागणंमुतणं आपण काढाचं, लेकरं आपण वाढवाची, आणि वर नाव दुसऱ्याचं! अहो भैयाजी, तुमच्या आईनं ही वाडी कायले लावली? वर्षाचा मोह खाले? बाजारात मोह मिळत नव्हता का? त्या माउलीचं माहेर तोडलं होतं तुमच्या बापानं. सात वर्षं जाऊ नाही दिलं. म्हणून तिनं हे ठरवलं, का येणाऱ्या प्रत्येकीचं माहेर इथं उभं राहीन, आपल्या पायावर, आपल्या डोक्यासकट! आणि तुमी, तिच्याच पोटचे, तिच्याबी झाडाचं डोकं उतरवलं!"

"वहिनी, आईचं नाव नका घेऊ मधात."

"घेईन! हज्जार वेळा घेईन! कोसमटोलं पाण्यात गेलं तवा सरकारनं मोबदला दिला, निदान नोटीस तं दिली होती. तुमी तेवढंबी नाही केलं. धरणानं ठेवलं होतं तेवढं तुमी संपवलं."

रस्त्यावरून भाजीवाल्याच्या गाडीवरचं रेकॉर्डिंग ऐकू येत होतं, कांदे घ्या, आलू घ्या. वसंतराव बायकोजवळ जाऊन उभे राहिले. तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"ताई, तुमीबी ना." अरुंधती समजूत घालायला जवळ आली. कौशल्याच्या झाडाला टेकली. "मरते थोडी झाड असं. खोड जितं आहे, पाहा ना. आता जे झालं ते झालं. भांडून काय..."

आणि बोलता बोलता तिचा हात खाली गेला. दर आठवड्याची सवय. खोडाच्या पाठीमागं, कंबरेच्या खाली, साल फोडून एक जाडसर कोंब बाहेर आला होता. टोकाला चार लालसर पानं. तिच्या अंगठ्यानं तो न बघता ओळखला.

कट्‌.

तो आवाज सगळ्यांनी ऐकला. अरुंधतीचं वाक्य अर्धंच राहिलं. तिनं हात वर आणून पाहिला. हातात कोंब होता आणि मोडल्या जागी पांढरा चीक येत होता.

कौशल्या खोडाच्या मागं वाकली, गुडघा वाकत नव्हता तरी मातीत बसली, आणि वरपासून खालपर्यंत साल हातानं चाचपली. सगळीकडे जुन्या मोडल्याच्या खपल्या होत्या. दुसरा कोंब नव्हता.

"तो एकच होता," ती म्हणाली.

अरुंधतीच्या डोळ्यांसमोर तिच्या सासरची पहिली वर्षं आली. ती जे काही करायची, जे काही बोलायची, ते कोणीतरी सहज, बोलता बोलता मोडून टाकायचं. रागानंही नाही. सवयीनं. तिचं हिंदी, तिची भाजी, तिचं हसणं. आणि तेव्हा एकट्या या मोठ्या जावेनं तिला स्वयंपाकघरात हात धरून जवळ बसवून सांगितलं होतं, "तुले जसं बोलता येते तसं बोल वं. मी आहे ना." तेच हात. तीच बाई आता मातीत बसून खोड चाचपत होती.

"चाकू द्या," अरुंधती नवऱ्याला म्हणाली.

"कायले?"

"चाकू द्या म्हणलं ना!"

भैयाजीनं दिला नाही, म्हणून तिनं त्याच्या शर्टाच्या खिशातून कलमाचा चाकू ओढून काढला. शेडमागच्या रांगेतून एक पिशवी उचलून आणली, तिच्यातलं रोप रानीच्या बियाचं, पेन्सिलीएवढं जाड. तिथंच जमिनीवर बसून तिनं त्याचा शेंडा उडवला.

"अवं, काय करून राहिली? ते रानीचं रोप आहे! आणि असा लुसलुशीत कोंब कलमाले नाही चालत, पाणी आहे नुसतं त्याच्यात. काडी पंधरा दिवस तयार करा लागते."

"माही रानी आहे. मी उतरवीन तिचं डोकं. खुंट कोणताबी चालते ना? मंग माहा घ्या आज! ह्याच्यावर कोसमटोलं बसवाचं आहे मले."

तिनं कोंबाची पानं अर्धी कापली आणि खाली पाचर काढायला घेतली. तिला बांधता चांगलं यायचं, कापता कधीच आलं नाही. पाचर एका बाजूनं जाड झाली, दुसऱ्या बाजूनं दाबली गेली. भैयाजी पाहत होता. वहिनी एवढं बोलली त्यानं तो हलला नव्हता, आईचं नाव काढलं तरी हलला नव्हता. पण डोळ्यांदेखत काडीची अशी नासाडी होताना पाहणं त्याला सोसेना.

"अवं, असं नाही! तिरपं धर. अंगठा काढ तिथून. एका झटक्यात कापलं पायजे, चावल्यासारखं काय करून राहिली?"

ती थांबली नाही. दुसरा काप अजून वाईट पडला. कोंब आखूड झाला.

"आण इकडं! आण म्हणलं ना!" तो तिच्यासमोर मातीत बसला आणि चाकू हिसकावून घेतला. "पुन्हा एक काप चुकला का काहीच नाही राहाचं." चाकू त्यानं पँटवर पुसला. कोंब उजेडाकडे धरून पाहिला. मग श्वास धरून एकेका बाजूनं एकच काप दिला, लांब, नितळ. रोपाच्या खुंटात चीर पाडली, काडी अलगद आत बसवली, साल सालीला भिडली की नाही ते नखानं तपासलं. "पट्टी."

अरुंधतीनं पट्टी बांधली. खालून वर, एकही फट न ठेवता.

"धरंन का?" गुंजननं विचारलं.

"सांगता नाही येत." भैयाजी वर न पाहता म्हणाला. "असं कोवळं मी कधी बांधलं नाही." त्यात फुशारकी नव्हती आणि माफीही नव्हती. माफी तो मागणार नव्हता, हे कौशल्याला माहीत होतं, आणि मागितली असती तरी आज ती देणार नव्हती.

ती काठीशिवाय उठली. तिच्या खोडावर रानीच्या काड्या होत्या, सगळ्या धरलेल्या, सगळ्या तजेलदार. तिनं पहिली धरली आणि मोडली, म्हणजे खोडाला पुन्हा स्वतःचा कोंब फुटेल. मग दुसरी. मग पुढची. प्रत्येक मोडीला भैयाजीचे खांदे किंचित आवळायचे, पण तो मान खाली घालून पिशवीत पाणी घालत राहिला. पाच महिन्यांची त्याची मेहनत पायाशी पडत होती. वसंतराव न सांगता पुढं आले आणि सासूबाईंच्या झाडावरची पट्टी सोडू लागले. त्यांना ते येत नव्हतं, नखं लागत होती, पण ते सोडत राहिले.

"दादा, अरे बाकीच्यायची कलमं तरी राहू दे," भैयाजी म्हणाला. आवाज एकदम लहान झाला होता.

"ज्यांचं झाड त्यायले विचारू," कौशल्या म्हणाली. "साऱ्या जणींले बोलावते रविवारी. रानी ज्यांले पायजे त्या ठेवतील. आणि भैयाजी, तुमची रानी तिच्या जागी राहीन. तिले कोणी हात नाही लावाचा. तिबी कोणाचं माहेर आहे."

अरुंधतीनं हे ऐकलं आणि पदर डोळ्याला लावला.

अंकितनं कुदळ आणली. आई काही म्हणायच्या आत त्यानं वाडीच्या मधोमध, ऐन उजेडाच्या जागी, आळं करायला घेतलं. गुंजननं फडकं सोडलं. तीन टोळ, तपकिरी, चकचकीत. "हा नदीवरचा," ती कौशल्याला सांगू लागली, "हा छावणीच्या भिंतीबाहेरचा. आणि याच्यासाठी तं आई, काय सांगू, पहाटे बकऱ्यायच्या आधी गेली होती मी."

"सांग ना," कौशल्या म्हणाली. "सारं सांग. कोणाच्या बकऱ्या?"

गुंजन सांगत होती. अरुंधती नव्या कलमाची पिशवी घेऊन सावलीला ठेवायला निघाली. वाटेत सासूबाईंचं झाड लागलं. त्याच्या बुडाशी सकाळीच फुटलेला एक बारीक लाल कोंब होता. तिचा हात आपोआप खाली गेला, कोंबापर्यंत पोचला, आणि थांबला. तिनं तो अंगठा मुठीत घट्ट दाबून धरला आणि तशीच, मूठ न उघडता, सावलीपर्यंत चालत गेली.